दोन फेजची संध्याकाळ आणि काकूंचा टीव्ही

ऑगस्ट २०२५. गणपती आठवड्यावर आलेले आणि पाऊस नुसता कोसळत होता. डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या ए विंगमध्ये सोळा बिऱ्हाडं. त्यातल्या सहा घरांतल्या वस्तू रात्री आठच्या सुमारास मिनिटभरात जळाल्या. तीन टीव्ही, सेट टॉप बॉक्सचे अ‍ॅडॉप्टर, वायफायचे राउटर, एक मायक्रोवेव्ह, एक फ्रिज, आणि एलईडी बल्ब किती ते कुणी मोजत बसलं नाही. वीज कडाडली नव्हती. ट्रान्सफॉर्मर उडाल्याचा आवाज आला नव्हता. शेजारच्या बी विंगमध्ये तर काही झालंच नाही, तिथे मालिका सुरळीत चालू होत्या.

पुढचे काही आठवडे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे टीव्हीच्या कंपनीला, वीज कंपनीला आणि पावसाला आळीपाळीने शिव्या घालत होते. दोषी या तिघांपैकी कुणीच नव्हतं. ते कसं कळलं आणि कळायला उशीर का झाला, हे नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण हेच प्रकरण जुन्या इमारतींमधून दर पावसाळ्यात कुठे ना कुठे घडतं आणि बहुतेक ठिकाणी ‘व्होल्टेज आलं’ एवढ्यावर मिटवलं जातं.

काकूंची नोंद

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू निवृत्त शिक्षिका. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, वाणसामान, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची त्यांना सवय आहे. त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी लिहिलं होतं : ‘८.०७ टीव्ही गेला. आधी दिवे पांढरे झाले. पंखा.’

वेळ इतकी नेमकी कशी, असं विचारलं तर म्हणाल्या, “जाहिराती संपून मालिका नुकती परत आली होती रे. त्यातली सून दार उघडत होती. दार उघडलं आणि आमच्याकडे अंधार.”

त्यांचं पुढचं वर्णन या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा ठरलं. आधी खोलीतला बल्ब डोळे दिपतील इतका पांढराफटक पेटला. पंखा भिंगरीसारखा सुटला. टीव्हीच्या मागे ‘फट्’ असा आवाज झाला, करपल्यासारखा वास आला, मग बल्बही गेला. काकूंनी उठून आधी मेन एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, खाली पाडला. तो आपणहून पडला नव्हता, हे लक्षात ठेवा.

आता समोरच्या घरातलं ऐका. तिथल्या वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे तर उलटंच झालं. एसी बंद पडला, दिवे मिणमिणले, फ्रिज नुसता गुणगुणत राहिला. टीव्ही बंद झाला, पण नंतर लाइट नीट आल्यावर आपोआप चालू झाला.

एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दोन घरांत, एकाच मिनिटाला एकीकडे दिवे भगभगतात आणि दुसरीकडे मंदावतात. अनुभवी वायरमनला एवढं ऐकल्यावर मीटर रूमची किल्ली मागायची असते. पण सहा घरांनी आपापल्या टीव्हीच्या, मायक्रोवेव्हच्या आणि फ्रिजच्या कंपन्यांना वेगवेगळे फोन केले. त्यामुळे हे दोन जबाब शेजारी शेजारी ठेवायला मध्ये बरेच दिवस गेले.

जॉबशीटवरचे दोन शब्द

काकूंचा टीव्ही ४३ इंची, आदल्या वर्षीच्या दिवाळीआधी दसऱ्याच्या सेलमध्ये सव्वीस हजारांना घेतलेला. दुकानात काउंटरवरच्या मुलाने २,४९९ रुपयांची दोन वर्षांची जादा वॉरंटी गळ्यात मारली होती. पावती, वॉरंटीचं पत्र, सगळं काकूंच्या फायलीत लावलेलं. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याने टीव्ही भिंतीवरून उतरवला नाही. वायर काढली, लावली, मोबाइलचा टॉर्च मागे फिरवला, एक फोटो काढला आणि जॉबशीटवर लिहिलं : ‘व्होल्टेज फ्लक्चुएशन. पॅनल आणि मेन बोर्ड खराब.’ अंदाजे खर्च २३,४०० अधिक जीएसटी. म्हणजे २७,६१२ रुपये, टीव्हीच्या किमतीपेक्षा जास्त. तपासणीचे ५९० वेगळे, ते त्याने जागेवर यूपीआयने घेतले.

काकूंनी विचारलं, “अरे बाळा, न उघडता कसं कळलं तुला?”

“मॅडम, रोज हेच बघतो आम्ही.”

जादा वॉरंटीवाल्यांचं उत्तर ईमेलने आलं. विजेच्या दाबातल्या चढउताराने झालेलं नुकसान वगळलेल्या कारणांत मोडतं, सबब दावा नामंजूर.

माझं मत इथे ग्रुपवरच्या लोकांना आवडलं नाही, तरी सांगतो. दावा नाकारण्यात त्यांची चूक नव्हती. टीव्हीत दोष नव्हता, टीव्हीला बाहेरून मारलं गेलं होतं. वॉरंटी वस्तूच्या दोषासाठी असते, अपघातासाठी विमा असतो. दुकानातला मुलगा दोन्हींची भेळ करून ‘काहीही झालं तरी कव्हर आहे’ असं तोंडी सांगतो आणि कागदावर मात्र कलमं असतात, ही तक्रार खरीच आहे. पण तोंडी बोलण्याचा पुरावा आणणार कुठून? काकूंकडे कॅलेंडर होतं, रेकॉर्डिंग नव्हतं.

खरी गफलत जॉबशीटमध्ये होती, आणि ती दोन थरांची. पहिली अशी की ‘व्होल्टेज फ्लक्चुएशन’ हे निदान नव्हे. डॉक्टरने कागदावर ‘आजारी’ लिहून दिल्यासारखं ते आहे. व्होल्टेज वाढलं की कमी झालं, कुठून वाढलं, आणखी कुणाकडे वाढलं, यातलं काहीही त्यात नाही. दुसरी गफलत पॅनलची, म्हणजे पडद्याची. ज्या टीव्हीला आतून वीजच पोचत नाही, त्याचा पॅनल चांगला की वाईट हे सांगायचं कशाच्या आधारावर? आधी पॉवर बोर्ड दुरुस्त करायचा, मग कळतं पुढे काय शिल्लक आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी याच अंदाजपत्रकावर विश्वास ठेवून जुना टीव्ही भंगारवाल्याला पाचशे रुपयांना दिला. पुढच्या महिन्यात, २२ सप्टेंबरपासून, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि यांनी नवा टीव्ही नेमका गणपतीच्या आधी घेऊन ठेवलेला. पुढे सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

तक्ता

गाठ सुटली ती एका साध्या तक्त्यामुळे. काकूंनीच सुचवलं की वर्गात पट मांडतात तसा पट मांडू. घर क्रमांक, त्या वेळी काय चालू होतं, काय जळलं, दिवे भगभगले की मंदावले. मी शेवटी एक रकाना वाढवला : मीटर कोणत्या फेजवर आहे. तो रकाना भरायला आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं.

इमारतीला येणारी वीज तीन फेजची, म्हणजे तीन जिवंत तारांची असते, आर, वाय आणि बी. घरं या तिघांवर वाटून दिलेली असतात. आमच्याकडे आरवर पाच, वायवर पाच, बीवर सहा. प्रत्येक घराला एक फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जातो. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट. सगळ्या घरांचा न्यूट्रल खाली मीटर रूममध्ये एकाच पट्टीवर एकत्र येतो आणि तिथून एकाच जाड तारेने बाहेर जातो.

तक्ता भरला आणि बी फेजच्या सहापैकी पाच घरांत वस्तू जळालेल्या निघाल्या. सहावं घर बंद होतं, माणसं गावी, मेन स्विच पाडलेला, म्हणून वाचलं. दिवे भगभगल्याचा जबाबही फक्त बी फेजवाल्यांचा. आर फेजवर सगळ्यांकडे मंद दिवे आणि एका घरचा फ्रिज बिघडलेला. वाय फेजवाल्यांना नुसती लाइट लपलपल्याचं आठवत होतं.

वायरमनने तक्ता पाहिला आणि म्हणाला, “न्यूट्रल गेला होता साहेब. घरात दोन फेज आले.”

‘दोन फेज आले’ हे वायरमन लोकांचं नेहमीचं बोलणं. त्यामागचं गणित असं. खालचा सामायिक न्यूट्रल तुटला किंवा सैल पडून जळाला, की घरांतून बाहेर जाणाऱ्या विजेला परतीची वाट उरत नाही. मग ती दुसऱ्या फेजवरच्या घरांमधून वाट काढते. म्हणजे आर फेजची घरं आणि बी फेजची घरं एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि दोघांच्या टोकांना मिळून ४०० व्होल्ट मिळतात. त्यांची वाटणी निम्मी निम्मी होत नाही, ज्याच्याकडे भार कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतं. वाय फेज बाजूला ठेवून नुसता हिशेब करायचा तर समजा आरवर एसी, ओव्हन, इस्त्री मिळून ४,००० वॉट चालू आहेत आणि बीवर दिवे, पंखे, टीव्ही मिळून १,०००. तर बीला ३२० व्होल्ट मिळतील आणि आरला ८०. प्रत्यक्षात तीन फेज असल्याने आकडे हलतात, पण दिशा हीच राहते.

म्हणून ज्या घरात फक्त मालिका चालू होती त्या घराला फटका बसला आणि ज्यांच्याकडे एसी धडाडत होता ते वाचले. यात न्याय वगैरे शोधू नये. तरी ग्रुपवर एकाने लिहिलंच, ‘म्हणजे यांच्या एसीमुळे आमचा टीव्ही गेला.’ समोरच्या वहिनींनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. खरं तर घरात एसी लावणं हा काही गुन्हा नाही. न्यूट्रल जागेवर असता तर त्यांच्या एसीचा काकूंच्या टीव्हीशी काडीचा संबंध आला नसता.

फ्रिजचं कोडंही यातच सुटलं. टीव्हीच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यामुळे कमी व्होल्टेजला तो गपचूप बंद पडतो, मरतो तो जास्त व्होल्टेजला. फ्रिजच्या मोटरचं तसं नसतं. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसरला उचलायला जोर पुरत नाही, तो अडकून करंट ओढत राहतो आणि तापतो. वहिनींच्या शेजाऱ्यांच्या फ्रिजचा रिले तसाच गेला, सुदैवाने कॉम्प्रेसर वाचला.

आणि एमसीबी का पडला नाही? एमसीबी करंट मोजतो, व्होल्टेज नाही. ज्या घरांत करंटची गळती पकडणारा आरसीसीबी होता तोही पडला नाही, कारण कुठे गळती नव्हतीच. टीव्हीला लावलेले स्पाइक गार्डचे बोर्डही निरुपयोगी ठरले. ते क्षणभराचा झटका झेलतात, मिनिटभर चाललेलं जादा व्होल्टेज झेलायला गेले की स्वतःच जळतात. काकूंच्या बोर्डावर झाकण वितळून तपकिरी डाग पडला होता.

मीटर रूम

जिन्याखालची खोली. सायकली, गणपती मंडपाचे बांबू, रंगाचे रिकामे डबे आणि त्यामागे इमारतीच्या विजेचं पॅनल. वायरमनने समोरचा पत्रा काढला तेव्हा वरच्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ पॅनलच्या कोपऱ्यापर्यंत आलेला स्पष्ट दिसत होता.

वीज कंपनीच्या माणसाला आधीच बोलावलं होतं. त्याने सीलबंद कटआउटवर, म्हणजे कंपनीच्या फ्यूजच्या डब्यावर, मीटर लावून तिन्ही फेज तपासले : २३२, २२९, २३५. नियमाप्रमाणे घरगुती विजेत सहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे अंदाजे २१६ ते २४४. तर पुरवठा नियमात होता आणि त्यांच्या बाजूचा न्यूट्रल शाबूत. तो म्हणाला, “आमचं इथपर्यंत. पुढचं तुमचं.” त्याचं बोलणं बरोबर होतं.

पुढचं आमचं म्हणजे मेन स्विचमधून निघून न्यूट्रलच्या तांब्याच्या पट्टीवर येणारी जाड अ‍ॅल्युमिनियमची तार. ती पट्टीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे तारेच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी, हवा, नीट दाबून बसवलेला, आणि अ‍ॅल्युमिनियम-तांब्याची गाठ असल्याने दोन्ही धातूंचा. आमच्याकडे लग नव्हताच. तारेचे पिळे उलगडून बोल्टखाली गुंडाळले होते आणि वर वॉशर. बोल्ट काळा, बोटाने फिरेल इतका सैल. तारेच्या टोकाला पांढरी बुरशीसारखी पावडर आणि दोन पिळे वितळून तुटलेले.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम तापून फुगतं, गार होऊन आकसतं, आणि हे रोज होता होता बोल्ट सैल पडतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. पंचवीस-सव्वीस वर्षं हे चालू होतं. त्या रात्री ८.०७ वाजता ते संपलं. त्यानंतर लाइट ‘नीट आली’ ती काही दुरुस्तीने नव्हे. तुटलेलं टोक ढिलं होऊन पुन्हा टेकलं होतं, आणि आम्ही सगळे तक्ता भरेपर्यंत त्या टेकलेल्या टोकावर फ्रिज, गिझर आणि गणपतीच्या माळा चालवत होतो.

पॅनलची शेवटची तपासणी कधी झाली होती याचा कागद सेक्रेटरींना सापडला नाही. जिन्याच्या रंगाची तीन कोटेशनं मात्र फायलीत होती.

टीव्हीविना काकू

मधल्या काळात काकूंना भाचीने मोबाइलवर मालिकेचं अ‍ॅप लावून दिलं. काकूंच्या ओट्यावर मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला असायचा. त्यातून त्यांना एक शोध लागला. अर्ध्या तासाचा भाग बोटाने पुढे सरकवत पाहिला तर आठ मिनिटांत संपतो आणि काही चुकत नाही.

मालिकांना नावं ठेवणं सोपं आहे आणि मीही ठेवतो. तीन वेळा तोच चेहरा, तीन बाजूंनी, वर ढगांचा गडगडाट. पण एका बाबतीत मी त्यांची बाजू घेईन. तेच वाक्य चार जणांच्या तोंडून चारदा येतं ते लेखकाला सुचत नाही म्हणून नव्हे. बाई भाजी चिरताना, पोळी लाटताना, दूध उतू जातंय का बघताना मालिका ऐकते. पाहते कमी. एकदा सांगितलेलं निसटलं तर दुसऱ्यांदा कानावर यावं अशीच ती बांधणी आहे. नेमकं म्हणूनच ती हातातल्या मोबाइलवर, डोळे लावून पाहिली की उघडी पडते.

काकूंची तक्रार निराळी. “एवढे बंगले, एवढी माणसं, वर्षानुवर्षं तेच दिवाणखाने. कधी कुणाकडे लाइट गेली? नळ गळला? मेकॅनिक यायचं म्हणून सून दिवसभर घरी थांबली? खिरीत विष घालतात, पण मिक्सर कधी बिघडत नाही.”

याला उत्तर नाही. मराठी घरात निम्मी भांडणं पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली यावरून होतात, आणि मालिकेतल्या घराला टाकीच नसते.

उघडल्यावर

तक्त्यानंतर काकूंनी टीव्ही गल्लीतल्या मेकॅनिककडे नेला. टपरीएवढं दुकान, मागे जुन्या टीव्हीच्या पाठी रचलेल्या. त्याने आमच्यासमोर सोळा स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. पॉवर बोर्डावर वायर जिथे आत येते तिथेच एक निळी चकती दुभंगून काळी पडलेली. ती एमओव्ही. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवायचा, हे तिचं काम. तिने ते केलं होतं. शेजारचा काचेचा फ्यूज आतून काजळलेला. मोठ्या फिल्टर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. त्यामागचा एक मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखं काम करणारा भाग, तोही गेलेला.

म्हणजे घाव दारातच अडला होता. मेन बोर्डापर्यंत, पॅनलपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. मेकॅनिकने एवढे भाग बदलले, पॅनल लागला. बिल ३,२०० रुपये, जळालेले भाग पिशवीत घालून परत. भाग परत मागायची कल्पना काकूंची, आणि पुढे ती फार उपयोगी पडली.

तपासताना मेकॅनिकने टीव्ही फॅक्टरी रीसेट केला, त्यामुळे दुकानातल्या मांडणीसारखी भडक ‘व्हिव्हिड’ सेटिंग परत आली. काकूंकडे परत लावल्यावर पहिल्या रविवारी ‘किल्ला’ लावला. अविनाश अरुण यांचा चित्रपट, २०१४ साली बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांचा क्रिस्टल बेअर मिळवलेला. दिग्दर्शक स्वतः कॅमेरामन, त्यामुळे कोकणातला पाऊस त्यात हिरव्याकंच पोस्टरसारखा नाही. ओलसर, राखाडी, थोडा उदास आहे. व्हिव्हिडवर तो सगळा प्लॅस्टिकच्या गवतासारखा दिसत होता. वर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू, त्यामुळे मुलं पळताना घरगुती व्हिडिओ बघतोय असं वाटत होतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने तयार करून भरतो. क्रिकेटला ते बरं, सिनेमाला विटंबना. ती सेटिंग बंद केली, चित्र ‘सिनेमा’वर टाकलं, आवाजात संवाद स्पष्ट करणारा पर्याय लावला, कारण या पातळ टीव्हींचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात आणि पात्रं कुजबुजली की ते गालिच्याला ऐकू जातं.

काकूंचं मत : “बरा आहे सिनेमा. पण कुणी फार बोलत नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सेटिंग परत व्हिव्हिडवर नेलं. मालिकेतल्या साड्या सिनेमा मोडमध्ये मळकट दिसतात, आणि याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

पैसे कुणी द्यायचे

ग्रुपवर सुरुवातीपासून एकच घोषणा होती : ग्राहक न्यायालयात खेचू. मार्ग सोपा आहे हे खरं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. पण तिथे पहिला प्रश्न येणार, वस्तूत दोष काय? दोषावरून वाद असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आमच्याच मेकॅनिकच्या पिशवीतले जळालेले भाग सांगत होते की टीव्हीने जे करायला हवं तेच केलं. काकूंनी तो मार्ग सोडला, माझ्या मते बरोबर केलं.

सोडला नाही तो ५९० रुपयांचा मुद्दा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर त्यांनी तक्रार नोंदवली. ‘टीव्ही बदलून द्या’ अशी मागणी त्यात नव्हती. मजकूर एवढाच : न उघडता पॅनल खराब असल्याचा शेरा दिला, प्रत्यक्षात पॅनल चांगला निघाला, सोबत दुरुस्तीचं बिल आणि भागांचे फोटो, तपासणी शुल्क परत करावं. हेल्पलाइन निवाडा देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते. कंपनीने आधी पुढच्या दुरुस्तीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. काकूंनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की कूपन नको, शुल्क परत हवं. पैसे खात्यात आले. मागणी लहान आणि पुरावा घट्ट असला की हे होतं. ग्रुपवर याच कंपनीकडून मानसिक त्रासाचे पन्नास हजार मागणाऱ्याला अजून उत्तर नाही.

बाकीचं सोसायटीकडे आलं. गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींमध्ये संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. गच्ची, जिना, पंप यांच्यासोबत सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या तारा त्यात स्पष्ट येतात. जळालेला जोड त्याच टप्प्यात होता. सेक्रेटरींनी बैठकीत ‘ही नैसर्गिक आपत्ती आहे’ असा सूर लावला तेव्हा काकूंनी वायरमनने काढून दिलेला तो काळा बोल्ट टेबलावर ठेवला आणि शांतपणे यादीतली ती ओळ वाचून दाखवली.

तरी वाद झालाच. वाय फेजवाले म्हणाले, आमचं काही गेलं नाही, आमच्या वर्गणीतून का? भंगारवाल्याला टीव्ही दिलेल्या गृहस्थांना नव्या टीव्हीची पूर्ण किंमत हवी होती. ठरलं ते असं : प्रत्यक्ष दुरुस्तीचं बिल आणि बदललेले भाग दाखवणाऱ्याला बिलाइतकी रक्कम, एका घराला जास्तीत जास्त पाच हजार, नव्या खरेदीला काही नाही. सगळं मिळून चौदा हजारांच्या आत बसलं. ते गृहस्थ रागावून निघून गेले. त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती असं मला अजून वाटतं. चुकीच्या जॉबशीटवर विश्वास ठेवल्याची किंमत एकट्या त्यांनी मोजली. पण वस्तूच शिल्लक नसताना सोसायटी तरी कशाचे पैसे देणार?

पॅनलचं काम लगेच झालं. दोन धातूंचे लग, नवी न्यूट्रल पट्टी, वरच्या गळतीला वॉटरप्रूफिंग, सायकली बाहेर. घरांमध्ये एमसीबीशेजारी बसणारं जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण आठ घरांनी बसवून घेतलं, दीड हजाराच्या आसपास पडलं. उरलेल्यांपैकी काहींचं म्हणणं, आता पॅनल नवं झालंय, कशाला हवं? वायरमनचं म्हणणं, रस्त्यावरच्या खांबापासून इमारतीपर्यंतचा न्यूट्रल तर तोच जुना आहे.

त्याच आठवड्यात बी विंगचं पॅनल उघडलं. तिथेही लग नव्हता. बोल्ट अजून घट्ट होता, एवढाच फरक. काम करायचं ठरलं, पण जिन्याचा रंग आधी की पॅनल आधी, यावर त्यांची बैठक दोनदा तहकूब झाली आहे.